लक्ष्मी रस्त्याचा आठवणीतला नकाशा: दुकानं क्रमानं कशी लावायची?

प्रश्न : नारायणपेठी

पुण्यातल्या लक्ष्मी रस्त्यावर बेलबाग चौक ते अलका टॉकीज या पट्ट्यात १९६० ते १९८५ या काळात कुठलं दुकान कुठे होतं, याचा नकाशा घरातल्या तीन ज्येष्ठ बायकांच्या आठवणीतून करायचा आहे. वयं ७४ ते ८३, स्मरण चांगलं आहे. तरीही "इथे काय होतं?" असं विचारलं की तिघींची तीन उत्तरं येतात. कुणी तुळशीबागेतलं दुकान लक्ष्मी रस्त्यावर आणतं, कुणी समोरचं दुकान अलीकडच्या बाजूला. जुनी बिलं आणि थोडे फोटो आहेत, पण बऱ्याच बिलांवर तारीखच नाही. ज्यांनी असं काम केलंय त्यांनी नीट पद्धत सांगावी. कागद कुठला, प्रमाण काय, विचारायचं कसं आणि साल कसं ठरवायचं?

उत्तर १ : पट्टीपेन्सिल

आधी कागद तयार करा, मग माणसांकडे जा. उलटं केलंत तर आठवणी हवेत राहतात.

हा पट्टा साधारण दीड किलोमीटरचा आहे. १:५०० प्रमाणात दहा फुटी दुकान सहा मिलिमीटरचं होतं, त्यात नाव लिहिता येत नाही. १:२०० घ्या, म्हणजे एक मीटरला पाच मिलिमीटर. दहा फुटी दुकान पंधरा मिलिमीटरचं होईल आणि नाव उभं लिहिता येईल. ए-३ कागदाच्या लांबीत समास सोडून ८० मीटर रस्ता बसतो, म्हणजे जोड धरून किमान वीस कागद. कागद संपला म्हणून रस्ता मधेच तोडू नका, तोड शक्यतो चौकाशीच घ्या. दोन कागदांत दोन सेंटिमीटरचा भाग दोन्हीकडे येऊ द्या, नाहीतर जोडावरचं एखादं दुकान हमखास हरवतं.

दर्शनी रुंदी सकाळी सातच्या सुमारास, दुकानं उघडायच्या आत मोजा. तीस मीटरची टेप, दोन माणसं. इमारती नव्या झाल्या तरी बऱ्याच ठिकाणी जुन्या वाड्याच्या जागेची दर्शनी रुंदी तीच राहिली आहे, कारण वाडा पाडून तिथेच इमारत उठली आणि जुन्या भाडेकरूला तळमजल्यावर पुन्हा गाळा मिळाला. म्हणून आजचं मोजमाप पायाला उपयोगी पडतं. जिथे दोन वाडे एक करून मोठं दालन झालंय तिथे मात्र ते फसवतं. अशा ठिकाणी पेठेचा घर क्रमांक बघा. जुन्या पाटीवर किंवा बिलावर दोन क्रमांक दिसले तर मधे पूर्वी भिंत होती असं धरून चालायला हरकत नाही.

आता बाजूंबद्दल, कारण सगळा घोळ तिथेच होतो. "उजवीकडे-डावीकडे" हे शब्द या कामात वापरूच नका. बेलबागेकडून निघणाऱ्याची उजवी ती अलकाकडून येणाऱ्याची डावी. बायका खरेदीला एका टोकाकडून जायच्या आणि दुसऱ्या टोकाकडून परत यायच्या, त्यामुळे एकाच बोलण्यात दोन्ही उजव्या येतात. "कुमठेकर रस्त्याकडची बाजू" आणि "केळकर रस्त्याकडची बाजू" असं म्हणा. पुण्यातल्या माणसाला ते लगेच कळतं आणि तोंड कुठेही असलं तरी बदलत नाही.

ऊनही साक्ष देतं. रस्ता साधारण पूर्व-पश्चिम आहे. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचे दिवस सोडले तर पुण्यात दुपारचं ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणजे केळकर रस्त्याकडच्या दुकानांच्या तोंडावर. कापडाचा रंग उडू नये म्हणून त्या बाजूला कापडी आडोसा किंवा ताडपत्री बांधायची गरज जास्त. "त्या दुकानाला पुढे कापड बांधलेलं असायचं का?" हा प्रश्न बाजू ठरवायला मदत करतो. एकट्या त्यावर निकाल देऊ नका.

उत्तर २ : बस्ताबांधणी

"इथे काय होतं?" हाच प्रश्न चुकीचा आहे. आठवणीत पत्ते नसतात, फेऱ्या असतात. लग्नाचा बस्ता, शाळेचे कपडे, दिवाळीची खरेदी, मंगळागौरीचं सामान अशी प्रत्येकीची वाट ठरलेली होती आणि दुकानं त्या वाटेला चिकटून आहेत. तेव्हा विचारा असं: बस्त्याला निघालात, घरातून कोण कोण होतं, कुठल्या बोळातून रस्त्यावर आलात, पहिलं दुकान कुठलं, तिथून रस्ता ओलांडला की तसंच पुढे गेलात, पाणी प्यायला कुठे थांबलात, ओझं कुठे ठेवलंत. रस्ता ओलांडल्याची आठवण फार पक्की असते, कारण हात धरून मुलं न्यावी लागायची. एका बैठकीत एकच फेरी घ्या. पाऊण तासाच्या पुढे माणूस थकतं आणि मग होकार देत जातं.

तुळशीबागेची सरमिसळ होते ती याच कारणाने. बांगड्या, खेळभांडी, पितळी देव तुळशीबागेत, भाजी मंडईत, साड्या आणि सोनं लक्ष्मी रस्त्यावर, वह्या-पुस्तकं अप्पा बळवंत चौकात, सगळं एकाच फेरीत व्हायचं. म्हणून प्रत्येक दुकानापाशी "छपराखाली की उघड्या रस्त्यावर? पायऱ्या चढून की सपाट?" हे विचारा. पायरी पाय विसरत नाहीत.

साडीच्या दुकानाचं आतलं चित्र विचारलंत तर ओळख लवकर पटते. गादी होती की काउंटर? गादीचं दुकान असेल तर चपला पायरीशी, आत भिंतीपासून भिंतीपर्यंत पांढरी चादर, गिऱ्हाईक मांडी घालून बसलेलं आणि विक्रेता घडी एका झटक्यात अशी सोडायचा की पदर नेमका समोर पडावा. कापडाच्या दुकानात मोजायचा लोखंडी गज कुठे टांगलेला असायचा, हे सांगता आलं तर ती आठवण त्याच दुकानाची आहे असं समजा. नऊवारी म्हणजे नऊ वार, साधारण सव्वाआठ मीटर. मीटर आल्यावरही तोंडी वारच चालला, तेव्हा "वार" शब्दावरून साल काढायला जाऊ नका.

दुकान बंद कशाने व्हायचं हेही विचारा, फळ्यांनी की शटरने? फळ्या खाचेतून एकेक सरकवून लावत आणि प्रत्येकीवर क्रमांक असे, कारण तिसरीच्या जागी पाचवी बसत नसे. फळी साधारण नऊ इंच ते फूटभर रुंद. कुणाला "बारा फळ्या होत्या" असं आठवलं तर दुकानाचं तोंड नऊ ते बारा फूट होतं. तो आकडा पट्टीपेन्सिल यांच्या मोजमापाशी ताडून बघा.

आणि तिघींना आधी एकत्र बसवू नका. जिचा आवाज मोठा तिचं दुकान खरं ठरतं. वेगवेगळं घ्या, मग एकत्र बसवा आणि फक्त जिथे फरक पडतो तेवढंच मांडा.

उत्तर ३ : नारायणपेठी

फेरीची पद्धत एकदम पटली. पण तरीही दोघींचं जुळलं नाही तर? एक म्हणते तिथे भांड्याचं दुकान, दुसरी म्हणते शिंप्याचं.

उत्तर ४ : कागदपत्री

बहुतेक वेळा दोघी बरोबर असतात, काळ वेगळा असतो. शिंपी वरच्या मजल्यावर असण्याचीही शक्यता फार. शिंपी, दवाखाने, क्लास जिन्यावरून वर असत, म्हणून प्रत्येक चौकोनाला तळ आणि वर असे दोन कप्पे ठेवा. दुसरं कारण भावांची वाटणी. एकाच आडनावाची दोन दुकानं झाली की आठवणीत ती एक होतात.

काळ वेगळे दाखवायला मूळ कागदावर ट्रेसिंग पेपरचे तीन थर लावा: १९६१ च्या पुरापर्यंत, तिथून १९७२ पर्यंत आणि त्यापुढे. "कुठल्या साली?" असं विचारू नका, "पुराच्या आधी की नंतर?" असं विचारा. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१ चा, तो दिवस त्या वयाचं कुणी विसरत नाही. कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा. सोन्याच्या दुकानांसाठी १९६३ चा चौदा कॅरेटचा नियम (त्याहून शुद्ध सोन्याचे दागिने घडवायला बंदी) विचारा, सराफीत ती खूण पक्की आहे.

बिलावर तारीख नसली तरी छपाई बोलते. रुपये-आणे-पैचे रकाने असतील तर बिलबुक १ एप्रिल १९५७ च्या आधी छापलेलं. "नये पैसे" असेल तर १९५७ ते १९६४, कारण १ जून १९६४ पासून "नये" गेलं. पत्त्यात नुसतं "पुणे २" किंवा "पुणे ३०" असेल तर बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं. त्या दिवशी सहा आकडी पिनकोड आला आणि त्याच जागा ४११००२, ४११०३० झाल्या. इंग्रजी मजकुरात "पूना" स्पेलिंग असेल तर सहसा १९७८ च्या आधीचं. फोन नंबर आठ आकडी आणि सुरुवात २ ने असेल तर ते बिल तुमच्या काळातलं नाहीच, बाजूला ठेवा.

इथे एक चूक नेहमी होते. छपाईचं साल म्हणजे विक्रीचं साल नव्हे. दुकानदार जुनी बिलबुकं संपेपर्यंत वापरत, आणे खोडून वर पैसे लिहीत. पाटी आणि शिक्के तर वर्षानुवर्षं तेच राहत. म्हणून छपाईवरून "याच्या आधीचं नाही" एवढंच ठरतं, "याच्या नंतरचं नाही" हे ठरत नाही. हाताने लिहिलेला भाग जास्त विश्वासाचा.

क्रम लावायला सर्वांत चांगला पुरावा म्हणजे विसर्जन मिरवणुकीचे फोटो. मिरवणूक बेलबाग चौकातून लक्ष्मी रस्त्याने अलका चौकाकडे जाते. लोकांनी फोटो गणपतीचा काढला, पण मागे दोन-तीन पाट्या शेजारीशेजारी येतात. कुठलं दुकान कुणाच्या शेजारी, हे दुसरीकडे कुठेच इतकं स्वच्छ मिळत नाही. पाटीवरची अक्षरं उलटी दिसली तर निगेटिव्ह उलटी छापलेली आहे, तेव्हा फोटो आरशात बघून मगच बाजू लिहा. मंडळांचे वार्षिक अहवाल, दिवाळी अंक, शाळांची वार्षिकं यांतल्या जाहिरातीही चाळा. त्यात पत्ता "विजय टॉकीजशेजारी", "तुळशीबागेसमोर" असा असतो, म्हणजे नकाशाला हवा तसाच. जुने अंक पुणे नगर वाचन मंदिर आणि पुणे मराठी ग्रंथालयात विचारा. "समोर" शब्द मात्र सैल धरा, दुकानदार चार दुकानं पलीकडे असला तरी "समोर"च छापायचा.

उत्तर ५ : पट्टीपेन्सिल

कागदपत्री यांच्या थरांत एक भर. न हलणाऱ्या खुणा आधी शाईने काढा: बेलबागेचं देऊळ, तुळशीबागेकडे जाणारा बोळ, गणपती चौक, कुंटे चौक, विजय टॉकीज, गरुड गणपती, अलका. बाकी सगळं पेन्सिलने. दोन स्वतंत्र माणसांनी सांगितलं किंवा एक माणूस आणि एक कागद जुळला की निळी पेन्सिल, एकटीचीच आठवण असेल तर साधी, आणि नुसता अंदाज असेल तर तुटक रेघ. शाई दुकानाला कधीच लावू नका.

आजच्या दर्शनी भागांचे फोटो हवे असतील तर ११ डिसेंबर हा पादचारी दिन बघा. २०२१ पासून त्या दिवशी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा पट्टा गाड्यांना बंद ठेवतात. रस्त्याच्या मधोमध उभं राहून दोन्ही बाजू सलग टिपता येतात आणि ज्येष्ठांना खुर्चीवर बसवून जागेवरच विचारताही येतं. एरवी हे जमत नाही.

उत्तर ६ : कागदपत्री

स्कॅनचं राहिलं. बिलं ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) चालतात, फोटो ६०० ला करा म्हणजे मागची पाटी मोठी करून वाचता येते. टाचणी आधी काढा, गंजाचा डाग पसरतो. फाटलेल्या बिलाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. लॅमिनेशन तर अजिबात नको. बिलाची मागची बाजूही स्कॅन करा. घरी हिशेब मागेच लिहायचे, आणि त्यात पुढच्या दुकानाचं नाव सापडतं.

उत्तर ७ : नारायणपेठी

सर्वांचे आभार. तुळशीबागेचा बोळ ते कुंटे चौक हा पहिला टप्पा घेते, बस्त्याच्या फेरीने. एक मागच्या बाजूचं बिल आत्ताच बघितलं: "खण ३, वाती, परत येताना डबा" आणि खाली आकडा. "डबा" कुठून घ्यायचा होता, हाच उद्याचा पहिला प्रश्न.