बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरातल्या आमच्या जुन्या हायस्कूलच्या इमारतीचा फोटो आहे का कुणाकडं?

पुण्यातला_खानापुरी:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात गावी गेलो होतो, मलप्रभेकडं जाता जाता सहज शाळेकडं वळलो तर जुनी कौलारू इमारत जाग्यावर नाहीच, सगळं सपाट करून सोडलंय आणि बाजूला नवी स्लॅबची उभी. नवी झाली ते बरंच झालं म्हणा, पोरांच्या वहीवर पाणी गळायचं तरी थांबलं, खरं मी पाच मिनिटं तसाच गाडीवर बसून राहिलो. आमची एसएसएलसीची, म्हणजे दहावीची बॅच १९९४ ची, डिसेंबरात सगळे जमायचं ठरलंय. बॅनरवर घालायला समोरून काढलेला एखादा फोटो पाहिजे, जांभ्या चिऱ्याच्या भिंती, लांब व्हरांडा आणि तो घंटेचा आंबा दिसेल असा. कुणाकडं असला तर टाका की.

नंदगडकरीण:
फोटो नाही माझ्याकडं, खरं घंटा आंब्याला कधी होती? व्हरांड्याच्या तुळईला रुळाचा तुकडा टांगलेला होता. मी तीन वर्षं खिडकीजवळ बसलेय, शिपाईमामा लोखंडी दांडा घेऊन निघाले की आम्हाला सगळ्यांच्या आधी कळायचं, लगेच डबा दप्तरात.
इमारत म्हटलं की मला पाऊसच आठवतोय बघा. जून लागायच्या आधी कौलं परतून घ्यायचे, तरी जुलैत दोन तीन जागी धार लागायचीच. मग बेंच सरकवत सरकवत सगळा वर्ग एका भिंतीला. वर्गावर कौलं होती खरं व्हरांड्यावर पत्रा, त्यावर सर आली की काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही, सर बोलायचे थांबून फळ्यावर लिहीत सुटायचे आणि आम्ही मागं आरामात गप्पा. आणि तो वास! ओली छत्री, ओलं गोणपाट आणि कुणाच्या तरी डब्यातली सुक्या मासळीची चटणी.

गुंजी_स्टेशन:
आंब्यालाच होती हो ताई. पावसाळ्यात व्हरांड्यात आणत असतील, तुम्हाला तेवढंच आठवायलंय. तो रूळ मीटरगेजचा, आम्ही रोज त्याच रुळावरनं यायचो म्हणून सांगतो. लोंढ्याकडनं येणारी पॅसेंजर लेट झाली की आमचा पहिला तास गेला, आणि ती लेट व्हावी म्हणून आम्ही गुंजीची पोरं देव पाण्यात घालून बसायचो कारण पहिला तास गणिताचा. सर विचारायचे, गाडी लेट की तुम्ही लेट? स्टेशनवरनं रमतगमत चिंचा पाडत यायचो ते त्यांना माहीत होतं.
१ नोव्हेंबरची गंमत वेगळीच. सकाळी शाळेत कर्नाटक राज्योत्सवाची लिमलेटची गोळी खायची, आणि घरी काका सीमाप्रश्नाचा काळा दिन म्हणून काळी फीत लावून बेळगावच्या सायकल फेरीला निघालेले. गोळी तोंडात ठेवून बाहेरच थांबायचो, संपल्याशिवाय घरात पाय नाही.

पुण्यातला_खानापुरी:
कन्नडचे सर आठवतात का कुणाला? धारवाडकडचे, मराठी अजिबात यायचं नाही सुरवातीला, दर दोन मिनिटांनी "सुम्न कुंड्र!" म्हणजे गप्प बस, एवढंच. आम्हाला कन्नड आलं ते तेवढंच आलं. आता पुण्यात माझ्या पोराला ओरडताना तोंडातनं तेच निघतंय, तो म्हणतो बाबा कुठल्या भाषेत शिव्या देताय.

हलशी_रोड:
फोटो नाही, खरं खिडकी आहे. गंमत नाही करत. इमारत पाडल्यावर लाकडाचा लिलाव झाला, आमच्या अण्णांनी दोन खिडक्या आणि थोडे वासे घेतले, सागवान आहे, वाळवीनं तोंड लावलेलं नाही. एक खिडकी गोठ्याला बसवलीय. रंग हिरवा, खालच्या फळीवर कंपासच्या टोकानं कोरलंय "१० ब" आणि त्याच्याखाली नुसत्या रेघा. चार उभ्या एक आडवी, चार उभ्या एक आडवी, अशा ओळीच्या ओळी. मी मोजल्या, १३७ भरल्या. कसला हिशोब आहे काय कळत नाही.

नंदगडकरीण:
अगं बाई. त्या रेघा माझ्या आहेत. कन्नडचे सर किती वेळा "सुम्न कुंड्र" म्हणतात ते मोजत होते, सहामाही परीक्षेपर्यंत. नंतर मागच्या बेंचवरच्या एकीनं चहाडी केली आणि जागा बदलली माझी, नाहीतर फळी पुरली नसती.

पुण्यातला_खानापुरी:
बॅनर राहू दे आता, डिसेंबरला ती खिडकीच आणूया. टेम्पोचं भाडं मी देतो.

हलशी_रोड:
खिडकी काढली तर म्हशीला वारा कुठनं येणार ओ? तुम्हीच सगळे गोठ्याकडं या, चहा घेऊन जावा. आणि ताई, तुम्ही येताना कंपास आणू नका.