शब्दचर्चा : हंटिंग्टनच्या संमतीपत्रात ‘वाहक’ चालेल का?

प्रश्न

मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात अशा, हंटिंग्टनसारख्या, आजारांची जनुकं शोधणाऱ्या संशोधकांसाठी संमतीपत्र मराठीत करायचं आहे. ते वर्धा, यवतमाळ, अमरावतीकडच्या खेड्यांत घरच्यांना वाचून दाखवलं जाईल. मसुद्यात वाक्य आहे : ‘तपासणीत उत्परिवर्तन आढळल्यास आपण या आजाराचे वाहक आहात असे समजावे.’ ‘वाहक’ गावात कळेल का? आणि ‘उत्परिवर्तन’, ‘ऱ्हास’ यांना सोपं काय म्हणावं?

आनुवंशिक समुपदेशक, वर्धा

‘वाहक’ कळेल, पण चुकीचा कळेल. विदर्भात हा शब्द सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या तपासणीतून घरोघरी गेला आहे. तिथे एएस म्हणजे वाहक आणि एसएस म्हणजे रुग्ण. वाहकाला सहसा त्रास नसतो. नवरा-बायको दोघेही वाहक असले तरच प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. त्यामुळे “मी वाहक हाओ” याचा गावातला सरळ अर्थ “मले काई होत नाई” असा आहे.

हंटिंग्टनमध्ये हा अर्थ घातक ठरतो. चौथ्या गुणसूत्रावरच्या एचटीटी जनुकात सीएजी ही डीएनएची तीन अक्षरं ओळीनं पुन्हापुन्हा येतात. २६ वेळांपर्यंत ठीक. २७ ते ३५ असतील तर त्या माणसाला आजार होत नाही, पण पुढच्या पिढीत, विशेषतः बापाकडून जाताना, आकडा वाढू शकतो. ३६ ते ३९ मध्ये आजार होईलही, नाहीही. ४० किंवा जास्त असतील आणि आयुष्य पुरेसं लाभलं, तर आजार होतोच. प्रत्येकाकडे जनुकाच्या दोन प्रती असतात, आईची एक आणि बापाची एक; इथे एकच बदललेली प्रत पुरते, म्हणून प्रत्येक मुलाला धोका निम्मा. इथे ‘वाहक’ ऐकून माणूस निश्चिंत होऊन घरी जाईल आणि चाळिशीत हातपाय आपोआप हलू लागले की आपल्याला फसवलं असं त्याला वाटेल.

प्रश्नकर्ता

मग हा शब्द सगळीकडूनच काढायचा का? त्याच अभ्यासात फ्रीडराइख अटॅक्सिया या तोल जाण्याच्या आनुवंशिक आजाराची कुटुंबंही आहेत.

आनुवंशिक समुपदेशक, वर्धा

नाही. फ्रीडराइखमध्ये दोन्ही प्रती बिघडाव्या लागतात, सिकलसेलसारखंच. विल्सनच्या आजारातही (त्यात शरीरात तांबं साठतं) तसंच. तिथे ‘वाहक’ अचूक आहे आणि लोकांना आधीच ठाऊक आहे, ठेवाच. मामेबहिणीशी लग्न झालेल्या घरांत तर तो समजावून सांगायलाच हवा. संमतीपत्रं मात्र दोन करा. एकाच कागदात दोन्ही आजार घातले तर वाचून दाखवणाराच गोंधळतो.

आनुवंशिकी प्रयोगशाळेतून

‘उत्परिवर्तन’ काढा, पण त्याजागी ‘दोष’ घालू नका. आपल्याकडे दोष म्हटला की मंगळदोष, पितृदोष आठवतो आणि बोट सुनेकडे किंवा तिच्या माहेराकडे वळतं. ‘जनुकातला बदल’ पुरे. शास्त्रातही वळण तेच आहे : २०१५ च्या अमेरिकन मार्गदर्शक तत्त्वांनी बदलांचे पाच वर्ग केले, आजार घडवणाऱ्यापासून निरुपद्रवीपर्यंत. मधल्या वर्गाला ‘अर्थ अजून न कळलेला बदल’ म्हणा. ‘संशयित’ म्हणू नका, त्याचा अर्थ घरचे ‘आजार आहेच’ असा घेतात.

‘निगेटिव्ह’ हाही शब्द जपून वापरायला हवा. एक्झोम तपासणीत, म्हणजे जनुकांचे प्रथिनं बनवणारे भाग एकदम वाचण्याच्या तपासणीत, डीएनएचे साधारण १५० अक्षरांचे तुकडे वाचले जातात. लांब पुनरावृत्ती त्यांत नीट मोजता येत नाही. म्हणून हंटिंग्टन आणि बऱ्याच अटॅक्सियांसाठी पीसीआर करून, म्हणजे डीएनएच्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढून, तुकड्याची लांबी वेगळी मोजावी लागते. ‘निगेटिव्ह’ऐवजी ‘या तपासणीत, या जनुकात बदल सापडला नाही’ असं पूर्ण लिहा.

रक्ताबद्दलचा परिच्छेदही दुरुस्त करा. ‘थोडेसे रक्त’ नको, ‘५ मिली, म्हणजे एक चमचा’ लिहा. नळी जांभळ्या बुचाची, ईडीटीएची (रक्त गोठू न देणारं रसायन). हेपॅरिनची नको, ते पीसीआरला अडवतं. घेतल्यावर नळी आठ-दहा वेळा हळूच उलटीसुलटी करायची, नाहीतर गुठळी होते. मे महिन्यात नमुना गाडीच्या डिकीत ठेवू नये. बर्फाच्या पिशव्यांच्या डब्यात ठेवावा, पण नळी बर्फाला थेट टेकवू नये.

वऱ्हाडी बोलीचे अभ्यासक, यवतमाळ

‘ऱ्हास’ बोलण्यात नाही. ‘झीज’ सुचेल, पण ती गुडघ्याची असते, वयाची आणि कष्टाची. ‘मेंदूतल्या पेशी हळूहळू मरत जातात’ हेच लिहा. शब्द जास्त लागतील, लागू द्या.

माझी खरी काळजी प्रश्नावलीची आहे. ‘घरात कोणाले लकवा होता का?’ असं विचारलं तर एकाएकी अर्धांग गेलेल्यांची नावं येतील, कारण लकवा ‘मारतो’, हळूहळू येत नाही. त्याऐवजी तीन प्रश्न विचारा : हातपाय आपोआप हलत होते का? चालताना तोल जात होता का? किती वर्षांत खाटेवर आले?

‘खानदानात कोणाले होतं?’ हेही नको. खानदान म्हटलं की बापाकडचीच माणसं मोजली जातात. लग्न होऊन गेलेली आत्या आणि तिची पोरं सुटतात, आणि हंटिंग्टनमध्ये धोका त्यांनाही तेवढाच. आईकडचं वेगळं विचारा. ‘भाऊ’ म्हटलं की सख्खा, चुलत, मामे की आते ते विचारा. ‘मोठमाय’ म्हणजे बापाच्या थोरल्या भावाची बायको असू शकते किंवा आईची थोरली बहीण. पहिलीचं रक्ताचं नातं नाही, दुसरीचं आहे. वंशावळीत ही एक चूक झाली की आजार कुठल्या बाजूनं आला याचा तर्कच उलटतो.

प्रश्नकर्ता

नवं वाक्य : ‘तपासणीत ४० किंवा जास्त पुनरावृत्ती आढळल्यास, आज त्रास नसला तरी पुढे आपल्याला हा आजार होणार आहे, आणि आपल्या प्रत्येक मुलाला तो बदल मिळण्याची शक्यता निम्मी आहे.’

आनुवंशिक समुपदेशक, वर्धा

बरोबर आहे. पण हे वाक्य समुपदेशन झाल्यावरच वाचायचं, अशी सूचना वर ठळक छापा. खाली दोन चौकोन द्या : ‘मला निकाल कळवा’ आणि ‘मला निकाल कळवू नका’. रक्त देऊनही निकाल न ऐकण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. लक्षणं नसलेल्या १८ वर्षांखालच्या मुलांची ही तपासणी करायची नाही, बापानं आग्रह धरला तरी.