सौमित्र चॅटर्जींचे सिनेमे कोणत्या क्रमाने बघावेत?

चांदणवेल: बंगाली नट सौमित्र चॅटर्जींचं काम नीट, क्रम लावून बघायचं आहे. सत्यजित राय यांच्याबरोबरच्या चौदा सिनेमांची यादी सगळीकडे मिळते, पण त्याबाहेर काय घ्यावं? आठवड्याला एक, असे आठ-दहा सिनेमे. बंगाली येत नाही, सगळी भिस्त सबटायटल्सवर. घरात दहा वर्षांची मुलगी आहे, तिच्यासोबत बघता येतील असेही एक-दोन सुचवा.

पाणंद: चौदाच्या चौदा ओळीने बघितलेत तर राय कळतील, सौमित्र निसटतील. एका भूमिकेतून दुसरीत जाताना हा नट किती बदलतो, ते दिसायला हवं. म्हणून जोड्या लावा.

पहिली जोडी 'अपुर संसार' (1959) आणि 'झिंदेर बंदी' (1961). पहिला म्हणजे पदार्पण, हळवा, स्वप्नाळू अपू. दोनच वर्षांनी तपन सिन्हांच्या 'झिंदेर बंदी'त तो खलनायक मयूरबाहन होतो, समोर दुहेरी भूमिकेत उत्तमकुमार. हसू तेच असतं, पण इथे त्या हसण्याची धास्ती वाटते.

दुसरी जोडी 'अभियान' (1962) आणि 'चारुलता' (1964). 'अभियान'मधला नरसिंह हा रजपूत टॅक्सीवाला, दाढीवाला, तुसडा, सतत धुमसणारा. वहिदा रेहमान यात गुलाबीच्या भूमिकेत आहेत. लगेच पुढच्या आठवड्यात 'चारुलता'चा अमल बघा: वादळाबरोबर घरात शिरतो आणि घरभर कविता उधळत फिरतो. काळ एकोणिसाव्या शतकाचा, म्हणून राय यांनी सौमित्रना त्या काळचं बंगाली वळण गिरवायला लावलं होतं. अमल वहीत लिहितो तेव्हा हाताकडे लक्ष द्या. गाण्यातला आवाज किशोरकुमारांचा आहे.

या सिनेमात एक प्रसंग चुकवू नका. चारुलताचा नवरा आणि अमलचा चुलतभाऊ भूपती, याला त्याच्या मेव्हण्याने फसवलंय, आणि विश्वासावर माणसाने जगायचं कसं, हे तो अमलजवळ बोलतो. अमलला जवळजवळ संवादच नाहीत. आपणही याच माणसाला फसवायच्या वाटेवर आहोत, हे त्याला ऐकता ऐकता उमगतं आणि सगळं चेहऱ्यावर उमटतं. तो घर का सोडतो याचं उत्तर तिथेच आहे. सबटायटल वाचण्यात नजर खाली गेली तर ते हुकतं, म्हणून हा प्रसंग दोनदा बघा.

तिसरी जोडी 'अशनि संकेत' (1973) आणि 'सोनार केल्ला' (1974). 1943च्या दुष्काळात सापडलेला, पूजा-शाळा-औषध तिन्ही सांभाळणारा खेड्यातला गंगाचरण, आणि पुढच्याच वर्षी राय यांचा गुप्तहेर फेलूदा.

काजवा: पाणंद यांच्या जोड्या पटल्या, पण 'अपुर संसार'ने सुरुवात करायला माझा ठाम विरोध. आधी 'पथेर पांचाली' (1955) आणि 'अपराजित' (1956) हे अपूच्याच गोष्टीचे पहिले दोन भाग बघा. सौमित्र त्यांत नाहीत, तरी बघा. 'अपुर संसार'मध्ये मेहुणा अपूच्या बायकोच्या, अपर्णाच्या मृत्यूची बातमी आणतो आणि अपू त्याला थोबाडीत मारतो. बहीण दुर्गा, वडील हरिहर आणि आई सर्वजया यांचे मृत्यू ज्याने पाहिले नाहीत, त्याला ती थप्पड भडक वाटते. पाहिलेत तर तो हात का उचलला जातो ते सांगावं लागत नाही.

पाणंद: मान्य. दोन आठवडे वाढतील, पण सार्थकी लागतील.

तिठा: राय यांच्या बाहेरचे. 'सात पाके बांधा' (1963), सुचित्रा सेनसोबत, सासर-माहेरच्या ओढाताणीत मोडणारं लग्न. 'तीन भुवनेर पारे' (1969) आपल्या लोकांना जवळचा वाटेल, कारण नायिका तनुजा, शोभना समर्थांची मुलगी. यात सौमित्र गल्लीतला टवाळ पोरगा आहेत आणि भर रस्त्यात मन्ना डेंच्या आवाजावर ट्विस्ट नाचतात. 'कोनी'तला पोहण्याचा प्रशिक्षक क्षितीश हवाच. उतारवयातले दोन: 'पदक्षेप' (2006), ज्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (इतक्या उशिरा, याचं वाईट वाटतं), आणि 'मयूराक्षी' (2017), स्मृती विरत चाललेले निवृत्त प्राध्यापक.

काजवा: मुलीसाठी 'सोनार केल्ला' पहिला. राजस्थान, उंट, रेल्वे, जटायू नावाचा गमतीदार रहस्यकथा-लेखक, आणि मारधाड बेताची. मग 'हीरक राजार देशे' (1980), पण त्याआधी 'गुपी गाइन बाघा बाइन' (1969) दाखवा, नाहीतर गुपी-बाघा कोण हेच कळणार नाही. 'हीरक'मध्ये जवळजवळ सगळी पात्रं यमक जुळवून बोलतात. सौमित्र यांचा उदयन पंडित मात्र साधं बोलतो, कारण राजाच्या साच्यात न बसणारा तो माणूस. सबटायटल्समध्ये हा फरक पुसला जातो. मुलीला आधी सांगून ठेवा, ती कानाने ओळखेल.

फिरकी: प्रतींबद्दल, कारण निम्मा रसभंग तिथेच होतो.

साठच्या दशकातले हे सिनेमे जवळपास चौकोनी चौकटीचे आहेत, रुंदी-उंची साधारण 4:3. टीव्हीचा पडदा पूर्ण भरत असेल तर एक तर चित्र ताणलंय (चेहरे फुगीर) किंवा वरून-खालून कापलंय (कपाळं गायब). डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसायला हव्यात. ताणलेलं असेल तर व्हीएलसी प्लेअरमध्ये 'ए' दाबत राहून 4:3 निवडा. कापलेल्याला इलाज नाही, दुसरी प्रत शोधा.

दुसरं, वेग. युरोपी टीव्हीसाठी काढलेल्या जुन्या प्रती सेकंदाला 24ऐवजी 25 फ्रेम्सनी धावतात. 'चारुलता' सुमारे 117 मिनिटांचा आहे. तुमची प्रत 112 मिनिटांत आटोपत असेल आणि शेवट शाबूत असेल तर हेच झालंय. आवाजही थोडा चढतो, आणि आकाशवाणीवर निवेदक राहिलेल्या माणसाचा आवाज पातळ ऐकणं म्हणजे मोठंच नुकसान. प्लेअरचा वेग 0.96 केला की बराच फरक पडतो.

सबटायटल्स सुरुवातीपासून सारखीच मागे-पुढे असतील तर 'जी' आणि 'एच' कळांनी सरकवा. फरक हळूहळू वाढत जात असेल तर ती फाईल दुसऱ्या वेगाच्या प्रतीची आहे. सरकवून उपयोग नाही, बदला.

अपूत्रयीची 2015 साली पुनरुज्जीवित केलेली प्रतच घ्या. मूळ निगेटिव्ह 1993मध्ये लंडनच्या लॅबमधल्या आगीत होरपळल्या होत्या. त्यानंतरचं हे काम पाहून थक्क व्हायला होतं.

चांदणवेल: सगळ्यांचे आभार. 'गणशत्रु' (1989) सहज मिळतोय, त्याला कुठे बसवू?

पाणंद: अगदी शेवटी. राय यांच्या आजारपणामुळे तो जवळजवळ सगळा बंदिस्त सेटवर चित्रित झालाय, त्यामुळे नवख्याला नाटकासारखा वाटतो. आधीचे बघून झाले की मात्र सौमित्र खोल्यांमध्ये अडकलेला तो डॉक्टर फक्त आवाजावर आणि बसण्या-उठण्यावर कसा उभा करतात, ते दिसायला लागतं.