पिकनिक ॲट हँगिंग रॉक : शेवटचं प्रकरण वाचू का?

कृष्णाकाठ

मी मेलबर्नला, टार्नीटमध्ये राहते. गेल्या नोव्हेंबरात आई सांगलीहून आली होती. तिला हँगिंग रॉक या खडकाळ डोंगरावर घेऊन गेलो. वुडएंडच्या पुढे, घरापासून तासाभरावर. आईचे गुडघे दुखतात, म्हणून ती खालीच निलगिरीच्या सावलीत चटई टाकून, दशम्या-चटणीचा डबा जवळ घेऊन बसली. मी आणि लेक वर गेलो. वर कुणीतरी पोरं “मिरांडाऽऽ” अशा हाका मारत होती. ‘पिकनिक ॲट हँगिंग रॉक’ हा सिनेमा पाहिलेले लोक तिथे गेले की हटकून ओरडतात. उतरून आलो, तर आई चटईवरून उठून उभी होती.

“कुणाचं मूल हरवलंय गं? मघापासून हाका मारतायत.”

गाडीत तिला गोष्ट सांगितली. १९०० सालचा १४ फेब्रुवारी, मुलींची शाळा, डोंगराखाली सहल. दुपारी बारा वाजता घड्याळं बंद पडतात. चार मुली वर जातात. एक किंचाळत पळत येते, उरलेल्या तिघी, त्यात मिरांडाही, आणि गणिताच्या बाई नाहीशा होतात. आठवड्यानं त्यातली एक, अर्मा, जिवंत सापडते. तिला काहीही आठवत नाही.

“आणि बाकीच्या?”

“नाही सापडल्या.”

“म्हणजे?”

“म्हणजे सिनेमा तिथेच संपतो, आई.”

सनबरी येईपर्यंत ती गप्प होती. मग विषय निघाला तो थेट जानेवारीत. ती सांगलीला परतली होती, संक्रांतीचा फोन चालू होता, आणि तिळगुळाचं बोलता बोलता म्हणाली, “त्या पोरींचं काही कळलं का गं?”

मी म्हटलं, “आई, तो सिनेमा आहे.”

“ते माहीत आहे मला. काही कळलं का, ते विचारतेय.”

तेव्हापासून मला चैन नाही. मी स्वतः सिनेमा तीनदा पाहिलाय. पहिल्यांदा २०१९ साली, लायब्ररीतून डीव्हीडी आणून. तेव्हा शेवटी इतका राग आला की डबी तशीच उघडी टाकून झोपायला गेले. पीटर वीअरनं १९७५ साली केलेला सिनेमा, आणि ज्या बाईनं तो पाहिलाही नाही तिला आज त्या मुलींची काळजी वाटते. हे कशानं होतं?

दुसरा प्रश्न खरा आहे. मूळ कादंबरी जोन लिंडसेची, १९६७ सालची. तिचं अठरावं, उलगडा करणारं प्रकरण प्रकाशनाआधीच संपादकांच्या सल्ल्यानं काढलं होतं. लिंडसे १९८४ साली गेल्या आणि १९८७ साली ते स्वतंत्र पुस्तक म्हणून निघालं. मी ते मागवलंय, टेबलावर आहे. वाचू का? कृपा करून त्यात काय आहे ते इथे कुणी लिहू नका.

मॅग्नेटिक_टेप

मी पुण्यात ध्वनिसंकलन करतो, तेव्हा माझ्या बाजूनं सांगतो. तुमच्या आईंनी सिनेमा पाहिला नाही, पण हाका ऐकल्या. ते मला फार महत्त्वाचं वाटतं.

या सिनेमात भीती कानातून येते. मुली खडकांमधून वर चढतात तेव्हा रोमानियन वादक झाम्फिरची पॅनपाइप (बासऱ्यांची जुडी) वाजते, ती सगळ्यांना आठवते. पण तिच्या खाली एक घरघर आहे. भूकंपाचं ध्वनिमुद्रण वेग कमी करून तिथे लावलंय. कान त्याला ओळखत नाही, पोटाला मात्र ते कळतं. चांगले हेडफोन लावा, मग तो चढ पुन्हा बघा. पानांची सळसळ, किडे, पक्षी हळूहळू विरत जातात आणि ती घरघर शिल्लक राहते. खडकाला जाग येतेय असं वाटतं.

डोळ्यांचंही तसंच. कॅमेरामन रसेल बॉइडनं लेन्सवर नवरीच्या बुरख्याचं जाळीदार कापड लावलं होतं. म्हणून ते ऊन इतकं मऊ दिसतं. भर दुपारी, लख्ख उजेडात माणसं नाहीशी होतात. अंधार असता तर आपण म्हटलं असतं, दिसलं नाही. इथे सगळं दिसतं, आणि तरी काही हाती लागत नाही.

प्रकरणाबद्दल: वाचा. मी वाचलंय. आठवडाभर वाटलं की संपलं एकदाचं. मग एका रात्री मिक्सिंग करताना ती घरघर कानात आली आणि सगळं होतं तिथेच होतं.

वाटसरू_वुडएंड

मी हँगिंग रॉकपासून दहा मिनिटांवर राहतो, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

एक तारखेची. सिनेमाच्या सुरुवातीला पडद्यावर येतं की शनिवार, १४ फेब्रुवारी १९००. पंचांग काढून बघा, त्या दिवशी बुधवार होता. असा शनिवार झालाच नाही. तरीही आजही इथे लोक येऊन विचारतात की मुली नेमक्या कुठून हरवल्या. लिंडसेंनी ही गोष्ट खरी की रचलेली, हे मुद्दामच मोघम ठेवलं होतं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. हा खडक साठ लाखांहून जास्त वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, आणि जा जा वुरुंग, वोई वुरुंग, टाउंगुरुंग या मूळनिवासी लोकांचा. गोरे वसाहतवाले आल्यावर त्यांना इथून हाकलून लावलं. ती माणसं खरोखरच या जागेवरून नाहीशी झाली. त्यांच्या नावानं इथे कुणी हाका मारत नाही. २०१७ साली ‘मिरांडा मस्ट गो’ (मिरांडाला हटवा) नावाची मोहीम निघाली ती याच कारणानं. मला सिनेमा आवडतो, अजूनही दरवर्षी पाहतो. पण पोरांच्या हाका ऐकल्या की हे आठवतंच.

आजोळ

कृष्णाकाठ, मी नाशिकला मुलींच्या वसतिगृहात एकवीस वर्षं रेक्टर होते. त्यामुळे माझं लक्ष जिथे गेलं तिथे बहुधा इतरांचं जात नाही. तुम्ही आईंना सांगितलेल्या गोष्टीत सारा नव्हती. माझ्यासाठी सिनेमा साराचाच आहे.

सारा त्याच शाळेतली अनाथ मुलगी आहे. तिची फी थकलीय. तिला सहलीला नेत नाहीत. सकाळी मिरांडा तिला सांगते की माझ्याशिवाय आणखी कुणावर जीव लावायला शिक, मी इथे फार दिवस नसेन. एवढ्या एका वाक्यावर ती पोर उरलेला सगळा सिनेमा काढते.

वसतिगृहात दिवाळीच्या सुट्टीत घरी न जाणारी एक तरी मुलगी असायचीच. बाकीच्या ट्रंका बांधत असताना ती मदत करत फिरायची, कुणाची कुलपं शोध, कुणाच्या पट्ट्या आवळ. मी तिला रात्री माझ्या खोलीत जेवायला बोलवायची. तेवढं केलं की आपलं काम झालं असं वाटायचं. झालेलं नसायचं, हे मला हा सिनेमा पाहिल्यावर कळलं.

आता तो व्यायामशाळेचा प्रसंग आठवा. अर्मा लाल झगा घालून मैत्रिणींचा निरोप घ्यायला येते. मुली आधी गप्प असतात आणि मग तिच्यावर तुटून पडतात. सांग, काय झालं, कुठे आहेत त्या, सांग! पहिल्यांदा पाहताना मीही मनातून तेच ओरडत होते. गोंधळ निवतो तेव्हा फ्रेंचच्या बाईंना दिसतं की त्याच खोलीत साराला पाठीचा बाक घालवण्यासाठी फळीला पट्ट्यांनी बांधून ठेवलंय. इतका वेळ. सगळ्या हरवलेल्यांचा पत्ता विचारत होत्या, आणि ही समोर होती.

तिचा भाऊही त्याच सिनेमात आहे. अल्बर्ट, घोडेवाला, ज्यानं मुलींना ओढा ओलांडताना पाहिलं. दोघं एकाच अनाथाश्रमातून वेगळे झालेले. तो बहिणीची आठवण काढतो, ती भावाची. दोघांच्या मध्ये फार तर काही मैलांचं अंतर असेल. त्यांची भेट होत नाही. सारा मरते त्या सुमारास ती त्याच्या स्वप्नात येऊन निरोप घेते, आणि स्वप्नाचा अर्थ त्याला कधीच कळत नाही. आपल्याला कळतो. या सिनेमात एका कोड्याचं उत्तर प्रेक्षकाच्या हातात ठेवलेलं आहे आणि आपण दुसऱ्याच कोड्यासाठी भांडत बसतो.

तेव्हा प्रकरण अवश्य वाचा, माझी काही हरकत नाही. त्याआधी एकदा फक्त सारासाठी सिनेमा पाहा. आईंनाही दाखवा.

कृष्णाकाठ

आजोळ ताई, काल रात्री पाहिला. फक्त सारासाठी. तीन वेळा पाहूनही ती फळी माझ्या लक्षात नव्हती. तिचा आवाजसुद्धा आठवत नव्हता. मला मिरांडाचे केस आठवत होते, केक कापतानाची सुरी आठवत होती. मॅग्नेटिक टेप, घरघर ऐकली, हेडफोन काढून ठेवावा लागला. वाटसरू, पुढच्या वेळी येईन तेव्हा वर जाऊन हाका मारणार नाही, लेकीलाही सांगेन का ते.

आज सकाळी आईला फोन करून साराचं सगळं सांगितलं. भावाचंही. तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मग मी म्हटलं, “आई, त्या हरवलेल्या मुलींचं काय झालं ते एका पुस्तकात आहे. माझ्याकडे आलंय. वाचून सांगू का?”

ती म्हणाली, “ते तू वाच निवांत. त्या भावाला कुणी कळवलं का, ते सांग आधी.”