सीसॉवर तुमच्या समोर कोण बसायचं? (अनुभव धागा)

आमच्या सोसायटीच्या बागेचं नूतनीकरण चाललंय. झोपाळे राहणार, घसरगुंडी नवी येणार, सीसॉ मात्र काढून टाकायचा घाट आहे. कारण विचारलं तर उत्तर आलं, "दोघं लागतात हो त्याला. एकटं पोर काय करणार त्यावर?"

माझ्या मते तो ठेवण्याचं हेच कारण आहे. बागेतलं बाकी सगळं एकट्यानं खेळता येतं. सीसॉवर एकटं बसलं की आपण जमिनीवर आणि समोरचं टोक आभाळात. समोर कोणीतरी लागतंच. ते कोणीतरी किती जड, किती खोडकर, न सांगता उठून जाणारं की नाही, त्यावर पुढचं सगळं ठरतं.

तर लिहा. कसा खेळलात, कशाचा बनवलात, अजून कशाला वापरता? बागेतलाच हवा असं नाही, फळी आणि टेकू एवढं पुरे. आपटल्याचे किस्से न मागताच येतील.

चिंचोका
घ्या, आलाच. मी किडकिडीत, चुलतभाऊ दणकट. तो खाली पाय रोवून बसायचा आणि मी वर लटकलेला. "स्ट्रायकर देतोस का बोल!" देतो म्हटल्याशिवाय सुटका नाही. एकदा हट्टानं नाही म्हणालो, तर पठ्ठ्या सरळ उठून चालता झाला. माकडहाडाला असा दणका बसला की कित्येक दिवस पंगतीत मांडी घालता येईना. घरी सांगायची सोय नव्हती, कारण स्ट्रायकर मुळात त्याचाच होता.

गावाकडची
आमच्या गावात बाग नव्हती, बैलगाड्या होत्या. सुगी संपली की बैल सोडलेली गाडी वाड्यासमोर उभी असायची. चाकांचा आस हाच टेकू. निम्मी पोरं पुढं जुवाकडं, निम्मी मागं. मागं एखादं जास्त चढलं की गाडी उलाळ! जू वर, आणि त्याला लोंबकळणारं पोर किंचाळतंय. आजा काठी घेऊन यायचा, "उतरा की रं, आस मोडताय का काय!"

पण गाडी भरताना तोच आजा हाच खेळ खेळायचा, फक्त गंभीर चेहऱ्यानं. पोती मागं जास्त झाली तर गाडी उलाळते, जू वर ओढलं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. पुढं जास्त झाली तर सगळा भार मानेवर, मग खांदा सुजतो. म्हणून भरताना एक जण जुवाशी उभा राहून हातानं अंदाज घ्यायचा आणि ओरडायचा, "एक पोतं मागं सरकवा." जू हलकंसं मानेवर टेकलं पाहिजे, बस्स. आम्हा पोरांना हे शाळेत जायच्या आधी कळलं होतं.

तरफदार
वरचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे. विज्ञान शिकवते. 'भार गुणिले भारभुजा बरोबर बल गुणिले बलभुजा' हे पोरं घोकतात आणि परीक्षेनंतर विसरतात. म्हणून तरफेचा तास मी मैदानावर घेते. २५ किलोचं पोर टेकूपासून २ मीटरवर बसवायचं. माझं वजन ५० किलो धरा (धरा हो, हिशेबाला सोपं पडतं). मी टेकूपासून १ मीटरवर बसले की फळी आडवी राहते. थोडी मागं सरकले की पोर वर, पुढं सरकले की मी वर. बाई वर गेल्या की जो गलका होतो, त्यानंतर तो नियम कोणी विसरत नाही.

गंमत म्हणजे, मागं रेललं की आपली बाजू जड होते हे त्यांना आधीच माहीत असतं. खेळताना सगळे तेच करतात. त्याला समीकरण असतं, एवढंच नवीन.

चिंचोका
बाई, हे तेव्हा कळलं असतं तर भावाला टेकूजवळ सरकायला सांगितलं असतं.

तरफदार
आणि तो सरकला असता?

चिंचोका
स्ट्रायकर घेऊन सरकला असता.

ग्रीसपंप
फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, बागेची खेळणी दुरुस्तीला येतात. धागाकर्तीसाठी लिहितो. सीसॉत बिघडतं काय? मधलं बेअरिंग सुकतं, कोणी ग्रीस घालत नाही, मग कुरकुर आणि एका बाजूला झोल. हाताच्या मुठी तुटतात, त्या जागी नुसता सळईचा तुकडा उरतो. तो सगळ्यात वाईट. आणि टोकाखाली काही नसतं, म्हणून दणका थेट पाठीच्या कण्याला. दोन्ही टोकांखाली जुना टायर अर्धा गाडा, निम्मी भीती गेली. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या पुस्तिकेतही हाच टायरचा उपाय दिलाय. शिवाय फळीचा कल २५ अंशांपेक्षा जास्त नको आणि पाय ठेवायला दांडी नको, असंही त्यात आहे. दांडी का नको, तर पाय जमिनीवर टेकायला मोकळे हवेत. हल्ली स्प्रिंगवाले येतात, ते आदळत नाहीत. पण खरं सांगू का, मजा पण निम्मीच.

हानगाठचा_पाहुणा
मी कोरियात असतो. इथे सीसॉवर बसत नाहीत, उभ्यानं उडतात! गवताची गुंडाळलेली चटई टेकू म्हणून, तिच्यावर लांब फळी. एकीनं उडी मारून आपल्या टोकावर आदळायचं की समोरची हवेत. ती खाली आली की ही वर. नॉल्ट्विगी म्हणतात. चांद्र नववर्षाला, म्हणजे सॉल्लालला, मुली आणि बायका हॅनबोक, म्हणजे इथला पारंपरिक पोशाख, घालून खेळतात. असं सांगतात की पूर्वी बायकांना घराबाहेर पडायची बंधनं होती, तेव्हा भिंतीपलीकडचं जग बघायला हा उडीचा मार्ग होता. खरं-खोटं देव जाणे, पण योंगिनच्या लोकग्रामात मी चढून पाहिलं. भिंत राहू दे, मला फळीसुद्धा नीट दिसेना.

उभा_छेद
भिंतीवरून आठवलं. जुलै २०१९ मध्ये रोनाल्ड राएल आणि व्हर्जिनिया सॅन फ्राटेलो या वास्तुरचनाकारांनी अमेरिका-मेक्सिको सीमेवरच्या पोलादी कुंपणाच्या फटींतून गुलाबी सीसॉ आरपार घातले होते. एक टोक अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या सनलंड पार्कला, दुसरं मेक्सिकोतल्या स्यूदाद हुआरेसला. टेकू म्हणजे ते कुंपणच! तासाभराच्या आत सगळं काढून नेलं. त्याला लंडनच्या डिझाइन म्युझियमचा २०२० सालचा सर्वोत्तम डिझाइनचा पुरस्कार मिळाला. आमच्या कॉलेजात यावर कडाक्याचं भांडण झालं: एका गटाचं म्हणणं, ही फोटोपुरती नाटकं. मी दुसऱ्या गटात होते. पलीकडचं पोर जमिनीला पाय लावतं तेव्हाच अलीकडचं वर जातं, हे भाषणानं सांगायला गेलं तर कोण ऐकणार?

दुपारची_झोप
मुलगी पाच वर्षांची, बोलणं कमी, नजर देत नाही. झोपाळ्यावर तासन् तास एकटीच. थेरपिस्ट म्हणाल्या, सीसॉवर समोर बसा आणि तिनं काही खूण केल्याशिवाय हलू नका. म्हणजे मी खाली, ती वर, आणि दोघी गप्प. आजूबाजूच्या आया बघायच्या. बरेच दिवस नुसती फळीवर थाप. मग एका संध्याकाळी माझ्याकडे बघून चिडून म्हणाली, "आई, सोड!" आता रोज हुकूम सुटतात. काल शेजारच्या मुलाला 'जाडा' म्हणून उतरवलं. त्यासाठी माफी मागून आले, मनातून खूश.

किनारपट्टी
आमच्या आजोळी वाडीतल्या विहिरीवर लाट होती. उभ्या खांबावर लांब आडवं लाकूड, मागच्या टोकाला दगड बांधलेला, पुढच्या टोकाला पोहरा. पोहरा खाली नेताना जोर लावायचा; भरला की वर आणायचं काम दगडाचं. आम्ही भावंडं पाणी कमी काढायचो आणि दगडाच्या बाजूला लोंबकळायचो जास्त.

@हानगाठचा_पाहुणा, एक शंका. उभ्यानं उड्या मारल्या तर ती फळी चटईवरून सरकत नाही?

हानगाठचा_पाहुणा
सरकते. म्हणून मध्ये, टेकूच्या वर, तिसऱ्याला बसवतात. तो ना वर जातो ना खाली.

गावाकडची
म्हणजे लिंबूटिंबूची सोय तिकडं पण आहे!