साहित्यकृतीवरचा निबंध: कथानक आधी की प्रतिपादन आधी?

विश्रामबाग

सांगलीत पदवीच्या वर्गांना मराठी शिकवते. सध्या ‘बनगरवाडी’वरचे निबंध तपासायला घेतलेत. त्यातली एक गोष्ट मनाला लागली, म्हणून हा धागा काढते आहे.

बहुतेक निबंधांची मांडणी एकाच साच्यातली आहे. पहिल्या परिच्छेदात व्यंकटेश माडगूळकरांचा जन्म, गाव आणि पुस्तकांची यादी. मग दोन पानं कथानक. मग ‘पात्रचित्रण’ असा मथळा आणि त्याखाली मास्तर, कारभारी, आनंदा रामोशी यांना प्रत्येकी चार ओळी. पुढे निसर्गवर्णन, भाषाशैली, आणि शेवटी ‘अशा प्रकारे ही एक श्रेष्ठ ग्रामीण कादंबरी आहे.’ लिहिणाऱ्याला स्वतःला काय वाटलं, ते कुठेच सापडत नाही. याच मुलांनी कादंबरी मन लावून वाचली आहे, वर्गात तिच्यावरून कडाकडा वाद घातला आहे. कागदावर त्यातलं काही उतरत नाही याचं वाईट वाटतं.

माझं मत असं की पहिल्याच परिच्छेदात प्रतिपादन हवं, म्हणजे असं एक वाक्य, ज्यावर दुसरा वाचक ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल. ‘बनगरवाडीत माणदेशाचं वास्तव चित्रण आहे’ याला कोण नाही म्हणणार? त्यामुळे त्यावर निबंध उभा राहत नाही. ‘मास्तर वाडीला शिकवायला येतो, पण कादंबरीभर शिकतो तो मास्तरच’ यावर मात्र भांडता येतं.

असं वाक्य हाती आलं की परिच्छेदांचा क्रमही तेच ठरवतं. आधी मास्तरचं येणं: पोरं मेंढरांमागे रानात, शाळा ओस, आणि कारभाऱ्याच्या शब्दाशिवाय वाडीत काही होत नाही. मग लोकांची लिहिण्यावाचण्याची, बाहेरगावची कामं करता करता त्याचं वाडीत मुरणं. मग व्यायामाची तालीम: कल्पना मास्तरची, पण ती उभी राहते वाडीच्या अंगमेहनतीतून. शेवटी दुष्काळ, ज्यापुढे शाळा आणि तालीम दोन्ही हतबल ठरतात. प्रत्येक परिच्छेदाने त्या एका वाक्याला पुढे न्यावं. जो नेत नाही तो कितीही छान उतरला असला तरी काढून टाकावा. पात्रं, भाषा, निसर्ग हे सगळं येतंच, पण पुरावा म्हणून येतं.

तुम्ही कसं शिकवता?

जरंडेश्वर

मॅडम, तळमळ पोचली, पण मला हे मान्य नाही. मी साताऱ्यात शिकवतो. माझ्या वर्गात माण-खटावहून एस.टी.ने येणारी मुलं आहेत. घरात पाठ्यपुस्तकाबाहेरचं पुस्तक हातात धरणारी ती पहिलीच. त्यांना कोरा कागद देऊन ‘तुझं प्रतिपादन लिही’ म्हटलं की लेखणी थांबते. ‘कथानक, पात्रं, भाषा, वातावरण’ हे मथळे दिले की निदान चार पानं लिहून होतात. आणि लिहिता लिहिताच विचार सुचतो, हा माझा अनुभव आहे. साचा टाकाऊ म्हणणं सोपं आहे, पण त्याच्या आधारानेच ही मुलं परीक्षेपर्यंत पोचतात.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. प्रतिपादन आधी मागितलं की मुलं ते गाईडमधून आणतात. मग कादंबरीत त्याला जुळणारं तेवढंच दिसतं, बाकीच्याकडे पाठ फिरते. तुमच्याच वाक्याचं उदाहरण घ्या. मास्तरच शिकतो, वाडी शिकत नाही? मग वाडीतली माणसं हळूहळू त्याच्यावर विसंबायला लागतात त्याचं काय? तो परिच्छेद तुमच्या आराखड्यात ‘मुरणं’ या एका शब्दात गेला. कथानक सविस्तर लिहिणाऱ्या मुलाच्या हातून तो सुटला नसता.

विश्रामबाग

सर, दुसरा मुद्दा मी मनापासून मानते. विरोधात जाणारा पुरावा निबंधात हवाच, आणि त्याला स्वतंत्र परिच्छेद हवा. ‘वाडी मास्तरवर विसंबते हे खरं, पण ती विसंबते कशासाठी? पोरांच्या शिक्षणासाठी की बाहेरच्या जगाशी पडणाऱ्या कामांसाठी?’ असा प्रश्न विचारला की प्रतिपादन अधिक नेमकं होतं.

पहिल्याबद्दल मात्र माझा आग्रह कायम आहे. दहावीच्या कुमारभारतीत कवितेचं रसग्रहण आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये या ३ मुद्द्यांनी शिकवतात. पंधरा वर्षांच्या मुलाला कवितेत कुठे कुठे बघायचं हे त्यातून कळतं, तिथवर ठीक. पदवीच्या तिसऱ्या वर्षीही तेच मथळे मोठे करून लिहायचे असतील तर मधल्या पाच वर्षांत आपण त्यांना काय दिलं? पहिल्या पिढीच्या वाचकाला मत नसतं, असं तर आपण म्हणत नाही ना? मेंढरं राखणाऱ्या घरातला मुलगा ‘बनगरवाडी’तल्या दुष्काळाबद्दल जे सांगू शकतो, ते मला सांगता येणार नाही.

हरिपूर_संगम

मी नाटकवाला, प्राध्यापक नाही. पण हा विषय आमच्या तालमीतही निघतो, कारण संहितेचं विश्लेषण केल्याशिवाय नाटक बसत नाही. नाटककार गोविंद बल्लाळ देवलांच्या हरिपुरातून त्यांच्याच ‘शारदा’चं उदाहरण देतो.

१८९९ चं नाटक. पैशाच्या लोभापायी कांचनभट आपल्या मुलीचं लग्न म्हाताऱ्या भुजंगनाथाशी ठरवतो. प्रत्येक निबंधात लिहिलेलं असतं की हे नाटक जरठ-कुमारी विवाहावर प्रहार करतं. बरोबरच आहे. पण लग्न मोडतं कशामुळे? नवरा म्हातारा आहे म्हणून नाही, मुलीची इच्छा नाही म्हणूनही नाही. वधूवर सगोत्र आहेत हे उघड होतं म्हणून मोडतं. म्हणजे अन्यायाविरुद्धचं नाटक मुलीची सुटका करताना शास्त्राचाच आधार घेतं. ही देवलांची मर्यादा, की त्या काळच्या प्रेक्षकाला पटेल असा मुद्दाम शोधलेला मार्ग? इथे निबंध सुरू होतो.

आता बघा, हे सांगायला कथानक लागलंच. त्यामुळे ‘कथानक नको’ असा नियम मुलांनी ऐकून घेऊ नये. प्रश्न उभा राहील इतकं सांगायचं. वर मी चार-पाच वाक्यांत सांगितलं, तेवढं पुरतं. भुजंगनाथाचे सगळे प्रसंग क्रमाने लिहायची गरज नाही.

सामाजिक पार्श्वभूमीचा परिच्छेद लिहिताना एक सांभाळा. १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याला लोक शारदा कायदा म्हणतात, आणि मुलं बेधडक लिहितात की देवलांच्या नाटकावरून ते नाव पडलं. ते पडलं हरबिलास सारडा यांच्यावरून. पार्श्वभूमी पाठ करून ओतली की असं होतं.

वारणाखोरं

लेखकाची माहिती काढून टाका, या मताला माझा ठाम विरोध आहे. मी वाळवा तालुक्यातला. अण्णाभाऊ साठे आमच्या वाटेगावचे, जन्म १९२० चा, मांग समाजातला. ‘फकिरा’वर लिहायचं आणि हे लिहायचं नाही? सरकारदप्तरी ज्यांना गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यातला माणूस नायक म्हणून कोण उभा करतो आहे, हे कळल्याशिवाय त्या कादंबरीचा जोर समजणार नाही. ‘कृतीपुरतंच बोला’ हे ज्यांचं चरित्र आधीच सगळ्यांना ठाऊक असतं त्यांच्या बाबतीत परवडतं.

विश्रामबाग

दादा, काढून टाका असं माझं म्हणणं नाही. जागा बदला. ‘फकिरा’ बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. ही अर्पणपत्रिका पुस्तकातच आहे, म्हणजे ती थेट पुरावा झाली. निबंधात आधी फकिराचा बाप राणोजी गावाला जत्रेचा मान मिळवून देणारी जोगणी आणतो तो प्रसंग घ्या, गावाच्या मानासाठी गावकुसाबाहेरचा माणूस जीव देतो हे दाखवा, आणि मग म्हणा की हा लेखक वाटेगावच्या मांगवाड्यात जन्मला आणि पुस्तक कोणाला अर्पण करतो ते पाहा. तिथे ती माहिती वाचकाला हलवते. पहिल्या ओळीत जन्मतारीख आली की वाचक ती ओलांडून पुढे जातो.

वारणाखोरं

हे पटलं. पण अण्णाभाऊंचं नाव न ऐकलेला वाचकही असतो. त्याच्यासाठी सुरुवातीला दोन ओळी मी ठेवणारच.

इस्लामपूर_तिसरं_वर्ष

सर, मॅडम, मी विद्यार्थिनी आहे. हे वाचून ‘बनगरवाडी’वरच्या माझ्या निबंधाचा पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला. तपासाल का?

‘बनगरवाडीची गोष्ट मास्तर स्वतः सांगतो, म्हणून ती मास्तरची गोष्ट वाटते. पण तो येण्याआधी वाडी होती आणि तो जातो त्याआधीच दुष्काळाने ती पांगलेली असते. वाडीचं काय होणार हे पाऊस ठरवतो. मास्तर हा या कादंबरीतला फक्त साक्षीदार आहे, असं मला दाखवायचं आहे.’

जरंडेश्वर

बाळ, हे तुझं स्वतःचं आहे हे वाचताच कळतं. पण ‘फक्त’ हा शब्द तुला अडचणीत आणेल. साक्षीदार तालीम बांधायला निघत नाही. तालमीचा प्रसंग तुझ्या म्हणण्याच्या आड येतो. तो टाळू नकोस, उलट निबंधाच्या मध्यावर घे. तालीम बांधताना मास्तर साक्षीदाराच्या पलीकडे जातो हे कबूल कर आणि मग दुष्काळात तिचं काय उरतं ते दाखव. त्यानंतरही ‘फक्त’ टिकतो का ते बघ. नसेल टिकत, तर पहिला परिच्छेद बदल. पहिला परिच्छेद सगळ्यात शेवटी पक्का करायचा असतो. मथळे देऊन लिहून घ्या असं मी म्हणतो ते याच कारणाने: आधी सगळं कागदावर येऊ द्यावं, आपलं म्हणणं त्यातून निघतं.

विश्रामबाग

क्रमाबद्दल तुमचं बरोबर आहे, सर. प्रतिपादन शेवटी सापडलं तरी हरकत नाही, निबंधात ते आधी दिसावं एवढंच. पण मथळे मात्र शेवटच्या प्रतीत राहू देऊ नका. मथळा असला की मुलं एका परिच्छेदातून दुसऱ्यात जाण्याचं कारण लिहीतच नाहीत. ‘यानंतर पात्रचित्रण पाहू’ म्हटलं की सुटले. तालमीवरून दुष्काळावर का आलो, हे सांगणारं वाक्य लिहायला बसलं की खरा विचार करावा लागतो. हिच्या निबंधात सगळ्यात अवघड वाक्य तेच असणार आहे.

जरंडेश्वर

शेवटच्या प्रतीतून काढू, मान्य. पहिल्या वर्षाला मात्र दिवाळीपर्यंत मी मथळे देणारच.

इस्लामपूर_तिसरं_वर्ष

‘फक्त’ काढला. तालमीचा परिच्छेद लिहायला घेतला आहे. झाला की दुष्काळाकडे नेणाऱ्या वाक्यासकट इथेच टाकते.