तारायान बांधायचं कुठे: गिर्येच्या खाडीत की वर कक्षेत?

दौत_टाक (धागाकर्ती)

दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहायला घेतली आहे आणि पहिल्याच पानावर गाडी अडली आहे. जाणकारांनी जरा इस्कटून सांगावं.

कथेतलं यान 'अगस्ती'. लांबी ८०० मीटर, वजन २ लाख टन, जाणार दुसऱ्या ताऱ्याकडे, वाटेत चार-पाच पिढ्या जन्मणार. मी त्याची गोदी ठेवली आहे विजयदुर्गाजवळ गिर्येला. तिथे वाघोटनच्या खाडीत खडकात कोरलेली जुनी आरमारी गोदी आहे, बऱ्याच जणांनी पाहिली असेल. ज्या गावात गलबतं दुरुस्त झाली त्याच गावात तारायान उभं राहतंय, एवढीच माझी हौस.

भावाने वाचलं आणि म्हणाला, "एवढं धूड जमिनीवर? उचलणार कोण, तुझा सासरा?" त्याचं म्हणणं असं की कुठल्याही शहाण्या कथेत तारायान कक्षेतच बांधतात. मी त्याला २००९ चा 'स्टार ट्रेक' दाखवला. त्यात एंटरप्राइझ आयोवाच्या शेतांमध्ये उभं राहताना दिसतं. तो म्हणाला, त्यावरून तर चाहते अजून भांडतायत, कारण मूळ मालिकेच्या काळातली कल्पना 'सुटे भाग खाली, जोडणी वर' अशी होती.

एक अट आहे. गुरुत्वाकर्षण गुल करणारी कळ मी यानाला देणार नाही. ती दिली की प्रश्नच संपतो, आणि कथाही.

---

पंचगंगाकाठी

पहिला आक्षेप आमच्या कोल्हापूरचा, नोंद घ्यावी.

रॉकेट शक्यतो पूर्वेकडे सोडतात, कारण पृथ्वी त्याच दिशेने फिरते आणि आपल्या अक्षांशावर सेकंदाला साधारण ४५० मीटरचा वेग फुकट मिळतो. श्रीहरिकोटा पूर्व किनाऱ्यावर आहे ते उगाच नाही. रिकामे टप्पे बंगालच्या उपसागरात पडतात, कुणाच्या डोक्यावर नाही. तुम्ही गिर्येहून पूर्वेला उडवलंत की पहिली टाकी गगनबावड्यात, दुसरी आमच्या रंकाळ्यात आणि उरलंसुरलं जतच्या माळावर. पश्चिमेला समुद्र आहे खरा, पण मग फुकटचा वेग जातोच, वर तेवढाच पदरचा घालावा लागतो. म्हणजे सेकंदाला ९०० मीटरचा फटका.

हलके घ्या. पण कथेत कोकणातून उड्डाण ठेवायचंच असेल, तर घाटावरची चार तालुके रिकामी करण्याचा एक प्रसंग टाका. भूसंपादन अधिकारी मी होतो.

---

सोळासूर्योदय

कक्षेत. यात वाद नाही.

२ लाख टन हा आकडा आधी पचवा. आपलं इस्रोचं एलव्हीएम-३ रॉकेट उडताना ६४० टनांचं असतं आणि खालच्या कक्षेत नेतं सुमारे ८ टन. म्हणजे 'अगस्ती'साठी २५ हजार उड्डाणं. १०० टन नेणारं रॉकेट धरलं तरी २ हजार. तेवढं वजन *एका खेपेत* उचलणारं यंत्र कुणी केलेलं नाही. कागदावर त्या दिशेने गेलेला एकच गंभीर हिशेब मला माहीत आहे, अमेरिकेतला १९५८ साली सुरू झालेला ओरायन प्रकल्प. बुडाखाली एकामागून एक अणुबॉम्ब फोडायचे आणि जाड पोलादी तबकडीवर तो धक्का झेलत वर जायचं. फ्रीमन डायसनसारखा भौतिकशास्त्रज्ञ त्यात होता आणि ४ हजार टनांच्या यानाचा आराखडा होता. १९६३ च्या करारात वातावरणातले अणुस्फोट बंद झाले आणि बाड गुंडाळलं गेलं. गिर्येच्या हापूसवर हा प्रयोग करू नका, देवगडवाले मारतील.

उलट तुकड्यातुकड्यांनी जोडणं ही झालेली गोष्ट आहे. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाचा पहिला भाग नोव्हेंबर १९९८ मध्ये गेला, आज ते ४०० टनांच्या वर आहे, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत १०९ मीटर. आपणही १६ जानेवारी २०२५ ला इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतले दोन उपग्रह वर जोडून दाखवले. प्रत्येकी २२० किलोचे होते, पण सुरुवात अशीच होते.

आणि जमिनीवर पूर्ण करून पाठवण्याचा धोका पाहायचा असेल तर अमेरिकेचं स्कायलॅब हे अवकाश स्थानक पाहा. मे १९७३ मध्ये सॅटर्न-५ रॉकेटवरून आख्खं स्थानक एकदम पाठवलं. चढतानाच हवेच्या झोताने बाहेरचं संरक्षक कवच फाटलं, सौरपंखांपैकी एक उडून गेला, दुसरा पट्टीत अडकून बसला. मग कॉनरॅड आणि कर्विन हे अंतराळवीर बाहेर जाऊन ती पट्टी कापून आले.

---

कील_ब्लॉक

मी मुंबईतल्या एका गोदीत आयुष्यभर वेल्डिंग तपासणी केली. रॉकेटमधलं कळत नाही, पण जहाज बांधणं कळतं, आणि वरचे प्रतिसाद वाचून एक सांगावंसं वाटलं. सगळे वजनाचं बोलतायत, कामाचं कुणी बोलत नाही.

दौतताई, सांध्यापासून सुरुवात करा. ८०० मीटरच्या यानात काही हजार किलोमीटर वेल्ड असेल. तो कोण मारणार आणि कसा?

आमच्याकडे ब्लॉक, म्हणजे जहाजाचा सुटा तयार भाग, *उलटा* बांधतात. डेक खाली, त्यावर आडवे-उभे बीम. कारण डोक्यावरचं वेल्डिंग सगळ्यात त्रासाचं, वितळलेला धातू अंगावर येतो, मान मोडते, सांधा खराब होतो. उलटा बांधला की वेल्डर खाली बघून आरामात मारतो. मग क्रेनने ब्लॉक उचलायचा, हवेत पालथ्याचा सुलटा करायचा आणि जागेवर न्यायचा. तो पलटताना पूर्ण शेड थांबून बघते, इतक्या वर्षांनीही. कक्षेत वर-खाली नाहीच, तेव्हा हा त्रास मिटला असं वाटेल. पण वेल्डच्या रसात वायूचे बुडबुडे असतात. जमिनीवर ते हलके म्हणून वर येऊन निघून जातात. तिथे त्यांना 'वर' कुठलं? आतच अडकतात. एक्स-रे फिल्म काढली की सांध्यात ठिपकेच ठिपके. आमची स्लॅगसुद्धा, म्हणजे वेल्डवरची मळी, अशीच तरंगून वर येते म्हणून खरवडता येते.

वर वेल्डिंग झालेलंच नाही असं नाही. १९६९ साली सोव्हिएत सोयूझ-६ यानात शोनिन आणि कुबासोव यांनी पहिल्यांदा करून पाहिलं. १९८४ मध्ये स्वेतलाना सावित्स्काया सॅल्यूत-७ या सोव्हिएत स्थानकाच्या बाहेर उभी राहून हातातल्या इलेक्ट्रॉन बीमच्या यंत्राने सांधे मारून आली. माझ्या लेखी ती आमच्या धंद्यातली सगळ्यात मोठी वेल्डर. पण ते नमुन्याचे तुकडे होते. अवकाश स्थानकाचे भाग तर कुणी वर वेल्डच केले नाहीत, बोल्ट आणि कड्यांनी जोडलेत. त्यामागे कारण आहे.

दुसरं, ऊन. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जहाजाचा डेक भर दुपारी तापला की लांबतो, तळ मात्र गार असतो. मग मधला भाग फुगतो आणि दोन्ही टोकं खाली जातात. म्हणून शाफ्टच्या अलाइनमेंटची मापं आम्ही पहाटे घ्यायचो, सूर्य यायच्या आत. चहासुद्धा मापं झाल्यावर. हे १६०-१७० मीटरच्या जहाजाचं. आता तुमचं ८०० मीटरचं घ्या. पोलाद दर अंशाला मीटरमागे १२ मायक्रॉन वाढतं. शंभर अंशांचा फरक पडला तर ८०० मीटरला जवळजवळ १ मीटर. सोळासूर्योदय यांच्या नावातच उत्तर आहे: खालच्या कक्षेत दीड तासाला एक फेरी, त्यातली ३५ मिनिटं अंधार. उन्हात पत्रा १२० अंशांना जातो, सावलीत उणे दीडशेच्या आसपास. दिवसाला सोळा दुपारी आणि सोळा पहाटे. मापं कधी घेणार?

तिसरं, हात. बाहेर पडणाऱ्याच्या सूटमध्ये हवेचा दाब असतो, त्यामुळे मूठ वळणं म्हणजे प्रत्येक वेळी फुगा दाबणं. साडेसहा-सात तासांत माणूस पिळून निघतो, कित्येकांची नखं उखडतात. शिवाय आधी काही तास शुद्ध ऑक्सिजन घेऊन रक्तातला नायट्रोजन काढायचा. आमचा वेल्डर आठ तासांच्या पाळीत डबा खातो, तंबाखू मळतो, फोरमनशी भांडतो आणि तरी काम पाडतो.

तपासणीचं तर विचारूच नका. बारीक भेगा दाखवणाऱ्या डीपी टेस्टचा लाल रंग निर्वातात उडून जाणार, अल्ट्रासॉनिकची जेल टिकणार नाही.

पण म्हणून जमिनीवर सगळं करा असंही नाही. जमिनीवर बांधलेल्या यानाला आधी *स्वतःचं वजन* पेलावं लागतं, गोदीतल्या ठोकळ्यांवर निजलेलं असताना आणि उचललं जातानाही. तेवढ्यासाठी त्यात जे लोखंड घालाल ते नंतर दोनशे वर्षं फुकट वाहायचं. कक्षेत बांधलेलं यान काडीसारखं बारीक, लांबच लांब असू शकतं. तेव्हा कुठे बांधलं हे वाचकाला यानाच्या आकारावरून कळलं पाहिजे. तुम्ही 'अगस्ती'चा आकार कुठेच सांगितलेला नाही.

---

दौत_टाक

काका, हे सगळं वहीत उतरवून घेतलं. पहाटेची मापं तर मी चोरणार आहे, आधीच सांगून ठेवते.

आकार डोक्यात होता तो माशासारखा, मधे फुगीर. आता लाज वाटतेय, कारण तो नुसता छान दिसतो म्हणून होता.

खरी अडचण वेगळी आहे. नायिका सुमन गिर्येची वेल्डर आहे. रोज रात्री घरी येते, आईशी कटकट करते, आणि आपण बांधतोय त्यात आपण जाणार नाही हे तिला माहीत आहे. यान वर नेलं की सुमनही वर गेली, आणि माझं गाव कथेतून गेलं. तुम्ही म्हणता तसे ब्लॉक खाली करून वर फक्त जोडले तर तिच्या वाट्याला शेवट येतच नाही. जहाज पूर्ण झालेलं तिला दिसणारच नाही.

---

कील_ब्लॉक

मग तसंच लिही ना! (अरे-तुरेवर आलो, राग मानू नकोस, माझी पुतणी तुझ्याएवढी असेल.)

जहाज धक्क्यावर पूर्ण होतं हा बाहेरच्यांचा समज आहे. जलावतरण होतं, नारळ फुटतो, फोटो येतात, आणि पाण्यात जातं ते अर्धं जहाज. नौदलाची 'मुरगाव' विनाशिका मुंबईत सप्टेंबर २०१६ मध्ये पाण्यात उतरली आणि ताफ्यात दाखल झाली डिसेंबर २०२२ मध्ये. मधली सहा वर्षं पाण्यावर राहून केबल, पाइप, यंत्रं, शस्त्रं, चाचण्या. कवचाचं वेल्डिंग करणारा तोवर पुढच्या जहाजावर असतो. आपलं जहाज पूर्ण झालेलं त्याला कळतं ते बहुतेक पेपरातून.

तेव्हा गिर्येला ब्लॉक बांध. शंभर-शंभर टनांचे, आत पाइप-केबल बसवून, दाबाची चाचणी करून, प्रत्येक सांध्याची फिल्म काढून. प्रत्येक ब्लॉकला कडा अशी दे की वर वेल्ड लागणारच नाही, कडं कड्यात बसून कुलूप लागेल. इथली खरी कारागिरी ती कडा. दोन ब्लॉक गिर्येलाच एकमेकांना लावून बघायचे, बसले की सोडवायचे आणि एकेक वर पाठवायचा. सुमनला वेल्डरवरून फिट-अपला, म्हणजे भाग जुळवून बसवण्याच्या कामाला टाक. ब्लॉक क्रमांक अमुक आणि तमुक यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट राहिली, आणि आता ती वर जाऊन उन्हात काय होईल याचा तिला घोर लागलाय, एवढ्यावर मी तुझी पन्नास पानं वाचेन.

आणि २ हजार ब्लॉक म्हणजे आठवड्याला एक धरला तर चाळीसेक वर्षं. सुमनची सगळी नोकरी त्यात गेली. आईशी कटकट करायला भरपूर वेळ आहे.

गोदीचं म्हणशील, तर खाडी हवीच. शंभर टनांचा अगडबंब ब्लॉक घाटातून ट्रकने जाणार नाही. गिर्येहून बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू तराफ्यावर चढवायचा आणि समुद्रमार्गे कन्याकुमारीला वळसा घालून श्रीहरिकोट्याच्या बाजूला न्यायचा. कोल्हापूर वाचलं.

---

पंचगंगाकाठी

कोल्हापूर आभारी आहे. माझी भूसंपादनाची बदली रद्द समजावी.

---

सोळासूर्योदय

काकांना दंडवत. वेल्डच्या बुडबुड्यांचा विचार मी कधी केला नव्हता. तरी माझा मुद्दा उभा आहे, जोडणी वरच.

फक्त दौत_टाक, कक्षेची उंची ठरवा, ती कथेत कुणीच ठरवत नाही. ४०० किलोमीटरवर हवा अगदी विरळ असली तरी आहे, स्थानक महिन्याला साधारण २ किलोमीटर खाली येतं आणि इंजिन लावून परत वर ढकलावं लागतं. तुमचा अर्धवट सांगाडा चाळीस वर्षं तिथे ठेवलात तर ढकलायलाच इंधनाचा ढीग लागेल. फार वर गेलात की हजारेक किलोमीटरपासून किरणोत्साराचे पट्टे सुरू होतात, तिथे कामगार ठेवता येणार नाहीत. ६०० च्या आसपास जमेल, पण तिथे जुन्या उपग्रहांचा कचरा जास्त काळ टिकून असतो.

दुसरा मार्ग चंद्राचा. तिथून सुटायला सेकंदाला २.४ किलोमीटर पुरतात, इथून ११.२ लागतात. मातीत ॲल्युमिनियम आहे, टायटॅनियम आहे, ऑक्सिजन तर वजनाने चाळीस टक्क्यांच्या वर. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जेरार्ड ओ'नील यांनी १९७० च्या दशकात चंद्रावरून विद्युतचुंबकी रुळांवर कच्चा माल फेकायची योजना मांडली होती. २ लाख टनांतलं जड, बिनडोक लोखंड-काम तिथून आणा आणि कडा, झडपा, यंत्रं गिर्येहून. म्हणजे २ हजार ब्लॉकांचे दोनशे होतील.

---

दौत_टाक

दोनशे नकोत, सुमनची नोकरी दहा टक्क्यांवर येते! चंद्रावरून फक्त किरणांपासून बचावाची माती आणते, ब्लॉक सगळे गिर्येचे. उंची ६००. आणि काका, फट अर्ध्या मिलिमीटरची ठेवू की पाव? तुमच्याकडे किती चालायची?

---

कील_ब्लॉक

हवाबंद सांध्याला पावही चालायची नाही. पाव ठेव. अर्धा कुणालाही दिसतो, पाव फक्त सुमनला दिसेल, आणि फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घालून दाखवल्याशिवाय इन्स्पेक्टर मानणार नाही.